खडक तेवढा उरतो

आमच्या पांढुर्ण्याला समुद्र नाही. सरळ रेघ मारली तर कोकणातलं हरिहरेश्वर सातशेएक किलोमीटर पडतं, आणि जाम नदीचं पाणी उलट्या दिशेला, शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. दगड मात्र तोच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आमच्या मुलखातही आहे, कोकणच्या किनाऱ्यावरही. फोटोवाल्याला काळा कातळ सोयीचा. ओला झाला की आणखी काळा होतो आणि पाणी त्याच्यावर उठून दिसतं.

शटर बराच वेळ उघडं ठेवलं की लाटा पुसल्या जातात आणि पाणी दुधासारखं दिसतं. असे फोटो हल्ली मुद्दाम काढतात. लग्नाचे फोटो काढणारी आमच्याकडची पोरंही ट्रायपॉड उचलून कोकण गाठतात. पण फोटोग्राफीच्या सुरुवातीला तो निव्वळ नाइलाज होता. 1838 मध्ये दागेरनं पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तर चित्रात रस्ता ओस. चालती माणसं, घोडागाड्या प्लेटवर उमटण्याइतक्या थांबल्याच नाहीत. उमटला तो एका जागी उभा राहून बूट पुसून घेणारा एक गडी आणि त्याचे बूट पुसणारा. लाटेचंही तेच व्हायचं.

1851 मध्ये आर्चरनं कलोडियनची ओली काच आणली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, ओली असतानाच धुवायची. म्हणजे किनाऱ्यावर जायचं तर डार्करूमचा तंबूही सोबत. असल्या काचेवर गुस्ताव्ह ल ग्रे यानं 1856-57 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर लाट जवळजवळ थांबवून दाखवली. आकाशाला आणि समुद्राला लागणारा वेळ वेगळा, म्हणून काही चित्रं तो दोन निगेटिव्ह जोडून छापायचा. फोटोशॉपला नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

ही विद्या तोवर मुंबईत पोचली होती. 1854 मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यातले नामांकित फोटोग्राफर. त्यांचा भर माणसांवर. माणसाला ‘हलू नका’ म्हणता येतं, समुद्राला कोण सांगणार?

1871 मध्ये मॅडॉक्सनं कोरड्या प्लेटची वाट दाखवली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सेकंदाच्या अंशात फोटो निघू लागला. लाट थांबली. थांबलेल्या लाटेचाही कंटाळा येतो, हे कळायला बराच काळ जावा लागला. मग मायकेल केना हा फोटोग्राफर रात्री किनाऱ्यावर तासन्‌तास शटर उघडं ठेवू लागला, आणि जुना दोष नवी शैली झाला.

माझ्या वडिलांच्या प्लेट कॅमेऱ्याला शटरच नव्हतं. लेन्सची टोपी काढायची, तोंडानं आकडे मोजायचे, टोपी लावायची. मी दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावतो. तो उजेड हजारपटीनं कापतो, म्हणून साठांश सेकंदाचा फोटो सतरा सेकंदांवर जातो. रोलच्या काळात तर तेवढ्यानंही भागत नसे. मंद उजेडात फिल्म सुस्तावते, हिशेबाच्या वर वेळ द्यावा लागतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट लाटांनी खोदलेल्या कातळावरून जाते, तीही ओहोटीलाच. तिथे घड्याळाआधी तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. आमचा पोळा अमावास्येचा, दुसऱ्या दिवशी गोटमार. म्हणजे पांढुर्णा आणि सावरगाव जामच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, त्याच दिवसांत तिकडे दर्या उधाणलेला असतो.

गोटमारीत पेपरवाल्यांना हवेतला गोटा लागतो. त्याला हजारांश सेकंद हवा. एका ढगाळ गोटमारीला मी पेपरचं काम उरकून काळा फिल्टर चढवला. काठावरची गर्दी धूसर पट्टा झाली. पात्रात रोवलेला पळस आणि खडक तेवढे स्पष्ट. गोटा एकही नाही.

शेजारी सावरगावचे एक काका उभे होते. स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, “गोटे कुठी गेले, बापू?” मी त्यांना पॅरिसचा रस्ता सांगितला. त्यांनी पुन्हा एकदा नीट बघितलं. “म्हणजे याच्यात कोणाचंच डोकं फुटत नाही?”

पेपरला अर्थात उडता गोटाच गेला.