हिमरूची शाल

बहिणीच्या निकाहात दूल्हेभाईंना हिमरूची शाल द्यायची, असा अम्मीचा हट्ट. म्हणून आम्ही पाथर्डीहून एस.टी.ने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठले. हे शहर आम्हा नगरवाल्यांना परके नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानेच १६१० साली खडकी या नावाने ते वसवले. हिमरूची परंपरा मात्र त्याच्याही मागे नेतात. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीकडून विणकरही आले, असे सांगतात.

उर्दू शिकवत असल्याने आमचे लक्ष आधी शब्दाकडे जाते. फारसीत ‘हम’ म्हणजे समान, ‘रू’ म्हणजे चेहरा. सोन्याचांदीच्या जरीचे किनखाब फक्त अमीर-उमरावांना परवडे. सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून त्याच तोंडवळ्याचे कापड विणले, ते हिमरू; नावाचा असा अर्थ लावतात. म्हणजे हिमरू ही मुळात नक्कलच! पण ती नक्कल सोपी नव्हती. जुन्या मागावर एक जण विणी आणि दुसरा नक्षीच्या दोऱ्या ओढी. वेलबुट्टी या दोघांच्या ताळमेळावर उमटे.

दुकानदाराने चार शाली पसरल्या. आम्ही विचारले, “हातमागाच्या आहेत?” माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, “मास्टरसाहब, चारही यंत्रमागाच्या.” हातमागाची त्याने कपाटातून काढली. किंमत ऐकून आम्ही तिची घडी स्वतःच परत घातली. नकलेची नक्कल घेऊन संध्याकाळची एस.टी. पकडली.

घरी अम्मीने शालीवरून हात फिरवला. “असली हिमरू आहे ना?”

आम्ही हो म्हणालो.