राष्ट्राची परिहानी आणि भिवंडीचा माग

राष्ट्राचा ऱ्हास कशाने होतो, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली पावणेदोनशे वर्षे चर्चिला जात आहे. या चर्चेत तीन आरोपी वारंवार उभे केले जातात: धर्म, राजकारण आणि यंत्र. धर्माने माणसे दुबळी केली, राजकारणाने ती फोडली, आणि यंत्र नव्हते म्हणून, किंवा काहींच्या मते यंत्र आले म्हणूनच, देश बुडाला, असे हे आरोप आहेत. बौद्ध वाचकाला ही चर्चा परकी नाही; कारण पहिल्या आरोपातील 'धर्म' म्हणजे पुष्कळदा तथागतांचा धम्मच असतो. प्रस्तुत लेखात आम्ही हा वाद भिवंडीच्या भूमीवर उभे राहून तपासू इच्छितो. धर्म, राजकारण आणि यंत्र ही तिन्ही या एकाच नगरीत एकमेकांस भिडली आहेत आणि त्याचे परिणाम सर्वांनी पाहिले आहेत.

आरोपांची परंपरा

पेशवाई बुडून तीस वर्षे झाल्यावर, १८४८ पासून लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहिली. त्यांनी मुख्य दोष इंग्रजांच्या माथी मारला नाही. पाठांतरालाच विद्या समजणारा आणि जगातील नवी शास्त्रे व कला यांकडे पाठ फिरविणारा पंडितवर्ग त्यांना या अवनतीचे मूळ वाटला. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीही मराठ्यांच्या पराभवाचे एक कारण भौतिक शास्त्रांच्या व शस्त्रविद्येच्या अभावात शोधले. मात्र त्याच राजवाड्यांनी वारकरी संतांच्या भक्तीने राष्ट्र पंगू केले असाही ठपका ठेवला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या उदयाचा इतिहास लिहिताना याच संतांना त्या उदयाचे श्रेय दिले होते. एकच भक्ती एका विद्वानाला उदयाचे कारण वाटते आणि दुसऱ्याला ऱ्हासाचे, ही गोष्ट विचारणीय आहे.

वि. दा. सावरकर यांनी हा ठपका बौद्ध धम्मावर ठेवला. 'हिंदुत्व' (१९२३) या ग्रंथात आणि उत्तरायुष्यातील 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या ग्रंथात बौद्धांच्या अहिंसेने राष्ट्राचे क्षात्रतेज मंदावले, असा त्यांचा सिद्धांत आहे. हेच सावरकर यंत्राचे आणि विज्ञाननिष्ठेचे कट्टर पुरस्कर्ते होते. याच्या अगदी उलट टोकाला १९०९ चे 'हिंद स्वराज' आहे. तेथे गांधीजींनी यंत्रालाच आधुनिक सभ्यतेचे पाप मानले आणि हिंदुस्थानच्या दुर्दशेचे खापर त्या सभ्यतेवर फोडले.

या सर्वांहून निराळा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी विचारला. राष्ट्र का बुडाले, हे विचारण्यापूर्वी ते होते काय, हे त्यांनी विचारले. येथील सर्व लोक एकमय झाल्याविना राष्ट्र संभवत नाही, ही भूमिका 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका'त (१८९१) त्यांनी मांडली. ज्यांना घरात कधी घेतलेच नाही, त्यांना घर पडल्याचा दोष कसा देता येईल? पुढील सर्व विवेचनाचा पाया जोतीरावांचा हा प्रश्न आहे असे आम्ही मानतो.

बाबासाहेबांचे निदान

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिन्ही आरोपींची स्वतंत्र उलटतपासणी केली. 'जातिनिर्मूलन' (१९३६) या निबंधात त्यांनी दाखवून दिले की राजकीय उत्थानाच्या आधी धार्मिक व सामाजिक क्रांती घडत आली आहे. चंद्रगुप्ताच्या साम्राज्यापूर्वी बुद्धाची क्रांती झाली आणि शिवाजी महाराजांच्या स्वराज्यापूर्वी संतांची चळवळ झाली. तेव्हा अहिंसेने राष्ट्र दुबळे झाले हा आरोप इतिहासाच्या क्रमालाच विसंगत ठरतो. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे सूत्रही याच निबंधातील आहे.

यंत्राविषयी त्यांनी १९४५ मध्ये गांधीवादाची समीक्षा करताना लिहिले. यंत्राने जे अनर्थ ओढवले त्यांचे कारण यंत्र नसून यंत्राचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणारी समाजरचना आहे. म्हणून यंत्र मोडायचे नसून रचना बदलायची आहे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून विचाराला व संस्कृतीला अवकाश देणारे साधन यंत्रच आहे, असे ते मानीत. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला.

राजकारणाविषयी त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत निर्वाणीचा इशारा दिला. देशाने स्वातंत्र्य पूर्वी गमावले ते आपल्याच माणसांच्या फितुरीने, याचे दाखले त्यांनी सिंधच्या दाहिर राजापासून दिले. या फितुरीचे मूळ त्यांनी कोणा एका धर्माच्या शिकवणीत शोधले नाही. जाती राष्ट्रविरोधी आहेत, आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता ही केवळ वरवरची राहतील, हे त्यांनी बजावले. थोडक्यात, ऱ्हासाचे कारण बंधुतेचा अभाव हे त्यांचे निदान होय.

सुत्तपिटकातील परिहानी

हे निदान बाबासाहेबांना धम्माच्या मूळ स्रोतातही सापडले असते, कारण तथागतांनी राष्ट्राच्या ऱ्हासाचा विचार स्पष्टपणे केला आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात ऱ्हासाचा क्रम सांगितला आहे. राजा रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य. आयुर्मान घटत घटत दहा वर्षांवर येते, आणि अखेर सात दिवसांचा असा काळ येतो की माणसाला माणूस पशू दिसू लागतो व तो त्याच्यावर शस्त्र चालवितो. काही थोडे जण रानावनात लपून वाचतात. बाहेर आल्यावर ते एकमेकांना जिवंत पाहून कवटाळतात, आणि तेथून उत्थानाला आरंभ होतो. या सुत्तात कोणी परकीय आक्रमक नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे वचन महापरिनिब्बान सुत्तातील अपरिहानीय धम्माचे. 'अपरिहानीय' म्हणजे ज्याने हानी होत नाही ते. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींचा पराभव करता येईल काय हे जाणून घ्यावयास आला. तथागतांनी वज्जींचे सैन्य किती, हे विचारले नाही. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय, एकोप्याने जमून एकोप्याने उठतात काय, येथून त्यांनी प्रारंभ केला. राष्ट्राच्या प्रकृतीची पहिली परीक्षा सभेत होते, असा याचा अर्थ आहे.

विणकर, धोटा आणि जात

आता भिवंडीकडे वळण्यापूर्वी नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षणभर थांबू. नहपानाचा जामात उषवदात याच्या तेथील लेखात ३००० कार्षापणांच्या अक्षय ठेवीची नोंद आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती: एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला. येथे विणकर हा दयेचा विषय नाही. राजाच्या जावयाने ज्याच्याकडे विश्वासाने ठेव ठेवावी असा तो प्रतिष्ठित नागरिक आहे. धर्म, सत्ता आणि हस्तकौशल्य यांना सभेने एकत्र बांधल्याचे हे चित्र आहे.

अठराशे वर्षांनंतरचे चित्र पाहा. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रमाग आले, परंतु विणाई खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद राहिले. धोट्यातील कांडीचा धागा तुटला की विणकराला तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे. विणाईचा पगार अधिक असल्याने हा विटाळ पोटावरही पाय आणीत होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तो यासाठीच. यंत्राने जात आपोआप मोडत नाही, हे त्या धोट्याने सिद्ध केले. विलायतेत बनलेल्या मागावरही येथील विटाळ जाऊन बसला.

गिरण्यांनी टाकून दिलेले असे जुने माग १९३० च्या दशकापासून भिवंडीत येऊ लागले. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग सोडून ते चालविले. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तर प्रदेश व बिहारमधून मजूर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर पुष्कळसे काम येथील यंत्रमागांकडे वळले. भिवंडी देशातील यंत्रमागाचे एक मोठे केंद्र झाली. यंत्रानेच राष्ट्र तरते असे म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगले उदाहरण नसेल.

परंतु त्याच भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली, आणि जळगाव व महाड येथेही तिचे लोण पोहोचले. न्यायमूर्ती मादन आयोगाने मिरवणुकीतील जाणूनबुजून दिलेली चिथावणी हे दंगलीचे तात्कालिक कारण मानले. मे १९८४ मध्ये ही नगरी पुन्हा जळाली. माग चालू होते, वीज होती, निवडणुका होत होत्या, देवळे व मशिदी भरत होत्या. नव्हती ती बंधुता. माणसाला माणूस पशू दिसण्याचा सुत्तातील तो काळ येथे दोनदा येऊन गेला.

त्यानंतर जे घडले ते आमच्या मते अधिक अभ्यासनीय आहे. १९८८ नंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत हिंदू व मुसलमान रहिवासी आणि त्या भागाचा पोलिस हे नियमित एकत्र बसू लागले. दंगलीविषयीच बोलत न राहता नळ, गटार, भांडणतंटा अशा रोजच्या गोष्टींचा विचार होऊ लागला. ६ डिसेंबर १९९२ रोजी, म्हणजे लक्षावधी बांधव चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनासाठी जमले होते त्याच दिवशी, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. पुढील दोन महिन्यांत मुंबई जळाली; भिवंडी शांत राहिली. दोन दंगलींची नगरी कशाने वाचली? नव्या यंत्राने नव्हे, मोठ्या फौजेनेही नव्हे. माणसे वारंवार जमत होती, म्हणून वाचली. अपरिहानीय धम्माचे नावही ठाऊक नसलेल्यांनी तो आचरून दाखविला.

आमच्याच घराची तपासणी

येथवर दुसऱ्यांचे दोष दाखविणे सोपे होते. आता एक कठीण गोष्ट आम्हास आमच्याच वाचकांसमोर मांडावयाची आहे. भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून बाबासाहेबांनी मुस्लिम आक्रमणांचा निर्देश केला आहे, आणि बिहारमधील महाविहारांचा विध्वंस ऐतिहासिक आहे. हा निर्देश हाती घेऊन शेजारच्या मोमीन विणकराकडे बोट दाखविण्यास आपल्याला शिकविणारे लोक आज वस्तीवस्तीत येतात. त्यांना उत्तर देण्याइतका इतिहास आपल्याजवळ असला पाहिजे.

बाबासाहेब त्या कारणापाशी थांबलेले नाहीत. त्याच आक्रमणांतून ब्राह्मणी धर्म तगला, मग धम्म का तगला नाही, असा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. ब्राह्मण जन्मानेच पुरोहित असतो. भिक्षू मात्र दीक्षेने व शिक्षणाने घडवावा लागतो, आणि संघ एकदा खंडित झाला की तो पुन्हा उभा करणे दुर्घट होते, हे त्यांच्या उत्तराचे मर्म. कोकणापुरते पाहिले तर तलवारीचे कारण लागूच पडत नाही. कान्हेरीचे मोठे दानलेख नवव्या शतकातील शिलाहारकाळाशी येऊन थांबतात. उत्तर कोकणात मुस्लिम सत्ता आली चौदाव्या शतकात. भिवंडी तालुक्यातील लोणाडची बौद्ध लेणी आज खांडेश्वरी या देवीच्या नावाने ओळखली जातात, त्याला कोणा सुलतानाची गरज लागलेली नाही. दान आटले, संघ विरळ झाला, आणि उपासकांची सभा भरेनाशी झाली की लेणी रिकामी होतात.

म्हणून ऱ्हासाची चर्चा करताना शत्रू शोधण्याऐवजी आपण आधी आपली सभा मोजावी. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती गट झाले, हे आठवले म्हणजे वज्जींची पहिली अट आपण कितपत पाळली, हे कळते. आज भिवंडीचे जुने धोट्याचे माग भंगारात जात आहेत, बिनधोट्याचे माग येत आहेत, आणि शहराभोवती मालाची प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत. त्या गोदामांत ओझी उचलणाऱ्यांत बौद्ध तरुण आहेत, मुसलमान आहेत, उत्तरेतून आलेलेही आहेत. नवे यंत्र कोणाच्या हाती राहणार आणि ओझे कोणाच्या पाठीवर, हा १९२८ चा प्रश्न नव्या रूपात त्यांच्यासमोर उभा आहे.

या सर्वांना एकत्र बसविणारी जागा कोणती, असे कोणी विचारल्यास आम्ही वस्तीतील बुद्धविहाराकडे निर्देश करू. पौर्णिमेची वंदना होऊन कुलूप लागणारे विहार ही अपेक्षा पुरी करू शकणार नाहीत. पाळी संपवून आलेला कामगार, मग तो कोणत्याही धर्माचा असो, जेथे येऊन बसेल, वाचेल, हिशेब समजून घेईल आणि शेजाऱ्याशी बोलेल, असे विहार आपल्याला हवेत. निगमसभेत ठेव नोंदवून घेणारा नाशिकचा विणकर आणि मोहल्ला समितीत बसणारा भिवंडीचा विणकर या दोघांनी आपल्याला हाच मार्ग दाखविला आहे. सुज्ञ वाचकांनी आपल्या विहाराच्या पुढील सभेची तारीख आजच ठरवावी, एवढीच आमची विनंती आहे.