जुन्या बसगाड्यांतील स्टार्टर मोटरच्या फिरण्याची दिशा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारगाडीच्या इतिहासात इंजिनाला जितके महत्त्व मिळाले तितके ते सुरू करणाऱ्या यंत्रणेला मिळालेले दिसत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांत बसविला गेला. पुढे बसगाड्यांत डिझेल इंजिने आली. त्यांतील हवेचा दाब पेट्रोल इंजिनापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने मोठ्या, बहुधा २४ व्होल्टच्या, स्टार्टरची गरज निर्माण झाली.

दिशेचा प्रश्न :
जुनी बस दुरुस्त करताना एका बनावटीचे इंजिन दुसऱ्या चासीत बसविले जाते, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. स्टार्टर इंजिनाच्या बाजूने फ्लायव्हीलकडे तोंड करून बसविला असेल तर एक दिशा लागते. तोच गिअरबॉक्सच्या बाजूने बसविल्यास नेमकी विरुद्ध. इंजिनाची दिशा मात्र बदललेली नसते.

अशा वेळी बॅटरीच्या तारा उलट जोडल्या की मोटर उलट फिरेल, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. जुन्या स्टार्टरमध्ये फील्ड कॉईल व आर्मेचर यांतून एकच प्रवाह क्रमाने वाहतो. तारा उलटल्या की दोन्हींतील प्रवाह एकाच वेळी उलटतो आणि फिरण्याची दिशा पूर्वीचीच राहते. याचा पुरावा ब्रिटिश गाड्यांच्या इतिहासातच आहे. त्यांपैकी अनेकांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. १९६० च्या दशकात ऋण टोक जोडण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या गाड्या नव्या पद्धतीने जोडताना डायनामोचे ध्रुव नव्याने ठरवावे लागत. स्टार्टरला हात लावावा लागत नसे. (कायमचुंबकाच्या अलीकडील स्टार्टरला मात्र हा नियम लागू नाही.)

दिशा बदलावयाची तर मोटर उघडून केवळ फील्ड कॉईलची टोके, अथवा केवळ ब्रशांची जोडणी, अदलाबदल करावी लागते. ब्रश मध्यापासून मुद्दाम सरकवून बसविलेले असल्यास उलट्या दिशेत ठिणग्या वाढतात व कम्युटेटर लवकर झिजतो.

तथापि खरी अडचण विजेची नसून पिनियनची आहे. बेंडिक्स पद्धतीत पिनियन शाफ्टवरील आट्यांवरून पुढे सरकून रिंग गिअरमध्ये अडकते. मोटर उलट फिरली की त्याच आट्या पिनियनला पुढे जाऊ देत नाहीत. मोटर नुसतीच घरघरते. एकमार्गी क्लच असल्यास तो घसरतो. म्हणजे विरुद्ध आट्यांचा किंवा विरुद्ध क्लचचा संपूर्ण ड्राइव्ह मिळाल्याशिवाय तारांची अदलाबदल व्यर्थ ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या काळच्या ताफ्यात बेडफोर्ड, शेवरलेट, लेलँड, मॉरिस कमर्शियल अशा भिन्न बनावटीच्या गाड्या होत्या. एका गाडीचा सुटा भाग दुसरीस सहज लागू पडणे त्यामुळे कठीणच होते. वाहतुकीच्या इतिहासलेखनात मार्ग, भाडे व प्रवासीसंख्या यांची नोंद विपुल आढळते. कार्यशाळेतील हे ज्ञान मात्र मिस्त्रींकडून शिकाऊंकडे तोंडीच गेले. आज त्या काळची एखादी मोटर हाती आली तर तिच्या शाफ्टवरील आट्यांचा कल पाहूनच ती कोणत्या दिशेसाठी घडविली होती हे ओळखता येते.