सैकल

जालना एमआयडीसीत रात्री भट्ट्या पेटल्या की आभाळ तांबडे दिसते. भंगार वितळते, त्याच्या सळ्या होतात आणि ट्रक भरून गावोगाव जातात. माझ्या उर्दू शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील याच कारखान्यांत राबतात.

एकदा वर्गात ‘सैकल’ हा शब्द आला. सैकल म्हणजे धातू घासून आरशासारखा लख्ख करणे. सैकल करणारा तो सैकलगर. मराठीत तोच शिकलगार झाला. हे सांगताच मुले हसली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने मान खाली घातली. त्याचे आडनाव तेच होते. त्याचे आजोबा सायकलवर चाक बांधून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. मी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना मिरजेची गोष्ट सांगितली.

मिरजेचे शिकलगार तलवारी, भाले, खंजीर घडवत आणि त्यांना धार लावत. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या, तलवारीची गरज सरली. हुनर हातात होता, पण काम उरले नव्हते. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते आणि दरबारात गाणे-बजावणे होते. नादुरुस्त वाद्ये दुरुस्तीला येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली, असे मिरजेत सांगतात. पुढे या घराण्यांचे आडनावच सितारमेकर झाले.

तलवारीवरून सतारीवर येणे वाटते तितके दूरचे नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला भोपळा आणि तुनीचे लाकूड यांतून वाद्य उभे राहते. भोपळ्यावर बसते ती लाकडाची पातळ तबली. ती जाड राहिली तर नाद कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते. तिला हलका फुगवटा असतो. अशी गोलाई कोरायला सपाट रंधा चालत नाही. बुडाशी गोल असलेला लहान रंधा किंवा गोल पटाशी लागते.

अशा पात्याला धार लावणे हीच खरी परीक्षा. पात्याची गोलाई रंध्याच्या बुडाशी जुळावी लागते. सरळ पाते दगडावर सरळ फिरते. गोल पाते मनगट वळवत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवावे लागते. हात मध्येच थांबला की तिथे सपाटी येते आणि लाकडावर ओरखडा उठतो. घासताना पाठीमागे लोखंडाची बारीक कड वळते. ती पाठ दगडावर सपाट टेकवून काढतात. फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी गेले, म्हणून ते सारखे पाण्यात बुडवायचे. आपल्या एमआयडीसीतली सळी खांबाला बळ देते, पण तिला अशी धार टिकत नाही. त्याला जास्त कार्बनचे पोलाद हवे. जुन्या कानशीचेही चांगले पाते होते.

उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांचा दफनविधी झाला. तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि मिरजेचे तंबोरे लागतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तास संपला. तो मुलगा टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, मेरे दादा बी सितार बना सकते थे क्या?”

मी म्हणालो, “बना सकते थे बेटा. काम देनेवाला नहीं मिला.”

मिरजेच्या शिकलगारांना दरबार मिळाला, गवय्ये मिळाले. बाकीच्यांच्या वाट्याला सायकल आणि चाक आले. धार तीच होती. आपल्या समाजात असे किती हात कामाची वाट पाहत म्हातारे झाले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण निदान त्या आडनावावर हसणे तरी आपण थांबवू शकतो. माझ्या वर्गात ते त्या दिवसापासून थांबले आहे.