आधी वाडा, मग कादंबरी

लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठी ट्विकनहॅम नावाचं गाव होतं. होरेस वॉलपोलने १७४७ साली तिथे एक लहानसं घर घेतलं. वडील रॉबर्ट वॉलपोल ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जातात; मुलाची सगळी ओढ मात्र जुनी थडगी, चिलखतं आणि रंगीत काचा यांच्याकडे. पुढची कित्येक वर्षं तो त्या घराला बुरूज आणि टोकदार कमानी चढवत राहिला. शेकोट्यांच्या चौकटी त्याने मध्ययुगीन थडग्यांच्या नमुन्यावरून घडवून घेतल्या आणि मोठ्या दालनाचं नक्षीदार छत कागदाच्या लगद्याचं केलं. घराचं नाव ठेवलं स्ट्रॉबेरी हिल. लोक ते पाहायला इतके येऊ लागले की त्याला प्रवेशपत्रं काढावी लागली. दिवसाला फक्त चार पाहुणे, आणि मुलांना मनाई!

ऐतिहासिक कादंबरीत वास्तूला जे मानाचं स्थान मिळालं, त्याची पाळंमुळं या घरात आहेत.

१७६४ च्या जून महिन्यात वॉलपोलला स्वप्न पडलं. एका जुन्या किल्ल्यात तो उभा आहे आणि मोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक अवाढव्य हात टेकलेला आहे. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला आणि दोन महिन्यांच्या आत त्याने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ पूर्ण केली. वर्षाअखेरीस ती बाहेर पडली, पण त्याच्या नावाने नाही. १५२९ साली नेपल्सला छापलेल्या एका इटालियन पोथीचं हे भाषांतर आहे, अशी बतावणी त्याने केली होती. पोथीही खोटी आणि भाषांतरकारही खोटा. मात्र त्या खोट्या भाषांतरकाराने प्रस्तावनेत एक फार खरी गोष्ट सांगून ठेवली आहे. मूळ लेखकाच्या डोळ्यांसमोर एखादी खरीखुरी वास्तू असली पाहिजे, असं तो म्हणतो. एरवी उजव्या हाताची खोली, डाव्या हाताचा दरवाजा, प्रार्थनामंदिरापासून राजपुत्राच्या दालनापर्यंतचं अंतर, हे तपशील इतक्या सहज लेखणीतून उतरलेच नसते.

इटलीत ओट्रँटो नावाचं गाव आहे आणि तिथे किल्लाही आहे. वॉलपोलला तो ठाऊकच नव्हता. नकाशावरचं नाव कानाला बरं लागलं म्हणून त्याने घेतलं. १७८६ साली लेडी क्रेव्हनने त्याला त्या किल्ल्याचं चित्र पाठवलं, तेव्हा कुठे तो त्याच्या दृष्टीस पडला. या कथेला स्फूर्ती आपल्या राहत्या घराने दिली, हे मात्र त्याने स्ट्रॉबेरी हिलच्या वर्णनपुस्तिकेत स्वतःच नोंदवलं आहे.

‘ओट्रँटो’ ही अद्भुतकथा. तिला इतिहास म्हणता येत नाही. पण १८११ साली एडिंबरामध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना लिहिली वॉल्टर स्कॉटने. तीनच वर्षांनी त्याची ‘वेव्हर्ली’ आली आणि ऐतिहासिक कादंबरीला तिचं रूप मिळालं. स्कॉटने वॉलपोलकडून भुतंखेतं फारशी उचलली नाहीत. जिने, दरवाजे, देवड्या यांच्यावर कथानक तोलून धरायची रीत त्याने घेतली, आणि कल्पित किल्ल्याच्या जागी खऱ्या इतिहासातल्या इमारती आणून बसवल्या.

एडिंबराच्या भर रस्त्यात टॉलबूथ नावाचा जुना तुरुंग होता. १८१७ साली तो पाडला गेला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटची ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ प्रसिद्ध झाली. कादंबरीत येणाऱ्या १७३६ च्या दंगलीत जमावाने ज्या तुरुंगावर हल्ला चढवला, तो हाच. पाडकाम झालं तेव्हा स्कॉटने त्याचा दरवाजा आणि कमानीचे दगड मागून घेतले आणि अ‍ॅबट्सफर्ड या आपल्या नव्या घराच्या भिंतीत बसवले. आजही ते तिथे पाहायला मिळतात.

१८२१ च्या ‘केनिलवर्थ’मध्ये त्याने याहून मोठी झेप घेतली. एलिझाबेथ राणीचा सरदार रॉबर्ट डडली याची पत्नी एमी रॉब्सार्ट १५६० च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डजवळच्या कम्नर प्लेसमध्ये जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडली होती. ती पडली की तिला ढकललं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १५७५ साली, डडलीने केनिलवर्थच्या किल्ल्यात एलिझाबेथ राणीची एकोणीस दिवस सरबराई केली. स्कॉटने ही पंधरा वर्षं पुसून टाकली. एमीला जिवंत ठेवून त्याने तिला राणीच्या मेजवानीच्या दिवसांत केनिलवर्थला आणलं. इतिहासकाराला हे कधीच मान्य होणार नाही. पण दोन वास्तूंमधलं नातं स्कॉटला काळाच्या हिशोबापेक्षा मोलाचं वाटलं, आणि कादंबरीकार म्हणून त्याचा निर्णय बरोबर होता. एकीकडे रोषणाईने उजळलेला किल्ला, दुसरीकडे कम्नरचं एकाकी घर; एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेची ही दोन टोकं एका नजरेत यायला हवी होती. कागदपत्रांतल्या जिन्याच्या जागी त्याने फसवा तक्ता घातला. पाऊल पडताच तो खाली जातो आणि एमीचा अंत होतो. कम्नर प्लेस १८१० मध्येच पाडलं गेलं होतं. केनिलवर्थचा भग्न किल्ला मात्र उभा होता, आणि कादंबरी हातात घेऊन माणसं तिथे खोल्या शोधू लागली.

तिकडे पॅरिसमध्ये व्हिक्टर ह्यूगोने १८३१ साली कादंबरीला थेट नोत्र-दामचंच नाव दिलं. त्या पुस्तकाने लोकांचं लक्ष मोडकळीला आलेल्या चर्चकडे वळवलं आणि १८४० च्या दशकात तिथे दुरुस्तीचं मोठं काम सुरू झालं.

हॅरिसन एन्सवर्थ हे आज फारसं वाचलं न जाणारं नाव, पण या कुळात त्याची जागा पक्की आहे. त्याने ‘द टॉवर ऑफ लंडन’ १८४० मध्ये महिन्याला एक भाग अशी लिहिली. चित्रं जॉर्ज क्रुकशँकची. लेडी जेन ग्रेची ही शोकांतिका. परंतु प्रस्तावनेत एन्सवर्थ सरळ सांगतो, की टॉवरमधला प्रत्येक बुरूज, दालन आणि दरवाजा वाचकाला दिसावा अशा बेताने प्रसंग रचले आहेत. म्हणजे घटनांसाठी जागा शोधायची ही रीत त्याने उलटी केली आणि जागांसाठी घटना शोधल्या. कादंबरी म्हणून ती जड झाली आहे. वास्तूवरचं प्रेम मात्र पानोपानी जाणवतं.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ झाला तोच एका गडाच्या नावाने. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये पुस्तकरूपाने आली. हरिभाऊ आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधाराने लिहिली, आणि १९०३ च्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये सिंहगड उभा केला. इथे मराठी लेखकाला इंग्रजी लेखकापेक्षा एक मोठी सोय होती. गड वाचकाच्या पायाखालचा होता. कडा किती उभा आहे, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

वास्तूने कथा सुचवली, याचं सर्वांत लख्ख उदाहरण विसाव्या शतकातलं आहे. कॉर्नवॉलमधला मेनाबिली हा जुना वाडा डॅफ्नी द्यू मोरिएने १९४३ मध्ये भाड्याने घेतला. १८२४ साली तिथे फेरफार चालू असताना एका निरुपयोगी दिसणाऱ्या धिऱ्यामागे गवंड्यांना कोंदट खोली लागली होती. आत एका तरुणाचा सांगाडा, अंगावर सतराव्या शतकातल्या यादवीतल्या राजपक्षीय योद्ध्याचे कपडे. तो कोण, तिथे का कोंडला गेला? याचं उत्तर म्हणून तिने १९४६ साली ‘द किंग्ज जनरल’ लिहिली.

इटालियन लेखक लाम्पेदूसाची वाट दुःखाची. पालेर्मोतला त्याचा वडिलोपार्जित प्रासाद एप्रिल १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात कोसळला. गमावलेल्या घरांच्या आठवणी ‘द लेपर्ड’मध्ये उतरल्या, ते पुस्तक १९५८ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालं.

शनिवारवाड्याची गतही अशीच. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी, दोन वर्षांनी वास्तुशांत, आणि १८२८ च्या फेब्रुवारीतल्या आगीत लाकडी मजल्यांसह दिवाणखाने, महाल सगळं खाक. उरला तो तट, दिल्ली दरवाजा, नगारखाना आणि आतली जोती. रणजित देसाईंनी ‘स्वामी’ १९६२ मध्ये लिहिली आणि ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’ १९७२ मध्ये, तेव्हा वाडा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. दालनांमधला वावर, पडद्याआडची कुजबुज, चौकातली वर्दळ, हे सगळं कागदपत्रांवरून आणि त्या जोत्यांवरून नव्याने रचावं लागलं. पण जोती खोटं बोलत नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात मारेकरी मागे लागलेले असताना नारायणराव पेशवे चुलत्याच्या आसऱ्याला धावले. त्या प्रसंगावर लिहू पाहणाऱ्याला वॉलपोलच्या भाषांतरकाराचाच प्रश्न पडतो: या दालनापासून त्या दालनापर्यंत अंतर किती, दरवाजा कोणत्या हाताला, आणि हाक कुठवर ऐकू गेली असेल. दफ्तरात याचं उत्तर नेमकेपणाने सापडत नाही. जोत्यांवरून चालत गेलं तर निदान पावलांचा अंदाज बांधता येतो.