दिल्लीच्या शिळा आणि आपली अक्षरे

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेल्या मराठी माणसाची येथील इतिहासाशी ओळख बहुधा पाहुण्यांमुळे होते. गावाकडून मंडळी येतात. त्यांना घेऊन कोटला, कुतुबमिनार, इंडिया गेट अशी ठरलेली फेरी घडते. पाहुणे मिनाराची उंची पाहतात, घुमटांचे कौतुक करतात आणि संध्याकाळी पाय चेपीत बसतात. आम्हीही कित्येक वर्षे असेच पाहत आलो. मध्यंतरी घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगाने मात्र आमची दृष्टी घुमटांवरून खाली उतरून अक्षरांवर स्थिरावली.

प्रसंग असा. घराच्या दारावर लावण्यासाठी आम्ही शिसवी पाटी करावयास दिली. वर घराचे नाव ‘शैल’, खाली आडनाव ‘काळे’. आजकाल अशी पाटी सुतार कोरीत नाही. संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र, ज्याला कारागीर ‘सीएनसी’ म्हणतात, ते कोरते. आठवड्याने पाटी आली ती ‘काले’ अशी. ळ हे अक्षर चूक समजून कोणीतरी सुधारले होते! शिवाय श आणि ल यांचे वळणही आपले नव्हते, आणि प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेषा चिरल्यासारखी दिसत होती. आम्ही प्रथम रागावलो; मग, दगडावर आणि लाकडावर अक्षर उमटते तरी कसे, याचा शोध घेऊ लागलो.

त्या शोधाचा आरंभ फिरोजशाह कोटल्यापासून करावा लागतो. तेथील अशोकस्तंभ फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा गावाहून नावेतून आणविला. त्यावरील लेख वाचणारा त्या काळी कोणी उरला नव्हता. ती लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली. ब्राह्मीच्या त्या अक्षरांना शिरोरेषा नाही, जाड-बारीक असा भेद नाही. सरळ रेघ, साधा बाक, एवढाच संसार. टाकीला याहून सोयीची लिपी क्वचितच सापडेल. त्याच स्तंभावर विक्रम संवत् १२२० मधील, म्हणजे बाराव्या शतकातील, चौहान राजा विग्रहराजाचा संस्कृत लेख आहे, आणि तो नागरीत आहे. एकाच शिळेवर सुमारे चौदा शतकांचे अंतर असलेली ही दोन वळणे पाहिली, की लिपी किती पालटली हे पुस्तकावाचून कळते.

मेहरौलीचा लोहस्तंभ याहून कठीण परीक्षा घेतो. ‘चंद्र’ नामक राजाचा त्यावरील सहा ओळींचा गुप्तकालीन लेख सुमारे ८ ते १३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आहे. लोखंडावर इतके लहान अक्षर उमटवावयाचे म्हणजे हत्याराचे टोक अक्षराच्या बाकाहून सूक्ष्म हवे. शेजारच्या कुतुबमिनारावर उलट प्रकार आढळतो. तेथील अरबी पट्ट्यांत अक्षरे खोदलेली नसून उठावाची आहेत. अक्षर राखून भोवतालची जमीन उतरविली आहे. त्याच मिनारावर, वीज पडल्यानंतर फिरोजशाहाच्या काळी झालेल्या दुरुस्तीच्या वेळचे, कारागिरांचे छोटे नागरी लेखही आहेत. त्यांपैकी एकात विश्वकर्म्याच्या कृपेचे स्मरण केले आहे. सुलतानाच्या मिनारावर पाथरवटाने आपल्या लिपीत आपल्या दैवताचे नाव ठेवले, ही गोष्ट आम्हांला मिनाराच्या उंचीहून मोठी वाटते.

यंत्राचा प्रवेश झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धातील मृतांच्या हजारो स्मृतिशिळा टाकीने कोरणे अशक्य ठरले, तेव्हा लँकेशायरमधील एका कारखान्याने पँटोग्राफ हे उपकरण कामास लावले. नमुन्यावरून एक काटा फिरे आणि त्याबरोबर दगडावर हत्यार फिरे. १९३१ साली अनावरण झालेल्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, ती रोमन लिपीत. त्यांत मराठा पलटणींतील शिपायांची नावेही आपल्या लिपीत नाहीत. पुढे १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे अंकांच्या आज्ञेने चालणारे कापणीयंत्र दाखविण्यात आले, आणि नमुन्याच्या काट्याची जागा आकड्यांनी घेतली. कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात आज घरघरणारे यंत्र त्याच वंशातील.

या यंत्राची टाकी म्हणजे फिरणारे ‘बिट’. सपाट तोंडाचे ३ मिलिमीटरचे बिट घेतले, तर ३ मिलिमीटरहून अरुंद रेघेत ते शिरतच नाही, आणि आतले कोपरे दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल राहतात. उठावाच्या अक्षराभोवतीची जमीन उतरविण्यास ते उत्तम. बारीक नागरीस निरुपयोगी. टोकदार ‘व्ही’ बिट मात्र पाथरवटाच्या टाकीप्रमाणे दोन उतार एका तळाशी मिळवते, आणि त्या उतारांवर पडणाऱ्या छायेमुळे अक्षर रंगावाचूनही वाचता येते. रेघ जितकी रुंद तितकी खोल: ६ मिलिमीटर रुंदीस ९० अंशांचे बिट ३ मिलिमीटर उतरते, तर ६० अंशांचे ५ मिलिमीटरहून अधिक. म्हणून पातळ फळीस ९० अंशांचे, आणि जाड लाकडावर गडद छाया हवी असल्यास ६० अंशांचे बिट घ्यावे.

बिटाइतकाच अक्षरवळणाचा विचार हवा. फार बारीक रेघांचा फाँट घेतला तर त्या रेघा केवळ ओरखडा बनून राहतात; फार ठसठशीत घेतला तर ळ आणि क यांच्या पोटातील लाकूड तुटते. मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा फाँट बरा. शिरोरेषेचे चिरणेही उलगडले: संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, सर्व बाह्यरेषा एकजीव केल्यावाचून दिल्या, तर यंत्र त्या चढावाच्या कडाही इमानाने कापते.

राहिला प्रश्न श आणि ल यांचा. यंत्रास हिंदी व मराठी वळणांसाठी सांकेतिक क्रमांक एकच. कोणते वळण दिसावे हे फाँट ठरवितो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने आपली वळणे प्रमाण ठरविली आहेत, पण कीर्तिनगरच्या कारागिराने ती का जाणावीत? जावजी दादाजींनी निर्णयसागरसाठी ज्या काळजीने खिळे पाडून घेतले, आणि र. कृ. जोशींनी संगणकावरील नागरीस ज्या निष्ठेने आयुष्य दिले, त्या काळजीचा अंश तरी पाटी करून घेणाऱ्याने दाखवावयास हवा. आम्ही मजकूर नुसता सांगितला होता. अक्षर काढून दिले नव्हते. दोष निम्मा आमचाच.

दुसऱ्या वेळी मराठी वळणाचा फाँट निवडून, बाह्यरेषा एकजीव करून, आम्ही स्वतः यंत्राजवळ उभे राहिलो. ळ कोरला जात असता कारागिराने विचारले, “साहेब, हे अक्षर कसे बोलतात?” आम्ही म्हणून दाखविले. दोनतीनदा प्रयत्न करून त्याने ते बरोबर उच्चारले, आणि आपल्या वहीत उतरवून घेतले. पाटी आज दारावर आहे. बदली झाली की ती उतरेल. पण कीर्तिनगरातील त्या वहीत एक ळ मागे राहील.