उंच बॉनेटची जीप आणि तिची बदलत गेलेली इंजिने

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादमार्गे वेरूळला निघालेल्या कोणाही जुन्या प्रवाशाला काळी-पिवळी जीप ठाऊक असते. आत माणसे किती, हे मोजायचे नसते. घाटाच्या चढावर तिचा घरघराट आधी ऐकू येतो, गाडी मागाहून दिसते.

तो घरघराट डिझेलचा आहे, आणि जीपचा मूळ आवाज तो नव्हे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली जीप पेट्रोलवर धावत होती. मग तिच्या छातीत हे दुसरे हृदय कोणी बसवले? आजचा धागा त्याविषयी.

विलीज कंपनीच्या युद्धकालीन जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. क्षमता सुमारे २२०० सीसी, शक्ती ६० अश्वशक्ती. त्याचे सारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. त्यामुळे इंजिन बुटके आणि बॉनेटही सखल. पुढे कंपनीने ‘हरिकेन’ इंजिन आणले. त्यात हवा व पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. शक्ती वाढली, पण उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना!

विलीजने त्यासाठी गाडी नव्याने आखली नाही. बॉनेट उंच केले आणि काम भागवले. तीच १९५३ ची ‘सीजे-३बी’. भारतीय माणूस ज्या चेहऱ्याला ‘अस्सल जीप’ म्हणतो, तो मुळात जुन्या गाडीत नवे इंजिन बसवल्याची खूण आहे.

अमेरिकेत या जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. मुंबईच्या महिंद्रा कंपनीने मात्र ते पुढे अनेक वर्षे चालू ठेवले. (या कंपनीचे १९४५ मधील नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

१९७३ च्या तेलसंकटाने सारे गणित बदलले. खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. पेट्रोल पिणारी जीप सरकारी खात्यालाही जड वाटू लागली, मग शेतकऱ्याची काय कथा? डिझेल स्वस्त होते. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, २११२ सीसी. मुंबई-नाशिक मार्गावरील इगतपुरीच्या कारखान्यात ही इंजिने तयार होऊ लागली. अमेरिकी सांगाडा, फ्रेंच हृदय आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा कारखाना!

खासगी गॅरेजांतही हाच उद्योग चालला. पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळणे नव्हे. कार्बोरेटर आणि ठिणगीची सारी व्यवस्था जाते. तिच्या जागी इंधनपंप, इंजेक्टर आणि थंडीत सुरुवात करून देणारे ग्लो प्लग येतात. वजन वाढते, हादरे वाढतात, म्हणून माउंटिंग नव्याने बनवावी लागतात. गिअरबॉक्सशी जुळणी, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटरची जागा, सगळे पुन्हा मोजावे लागते. याला नुसता ‘जुगाड’ म्हणणे त्या मिस्त्रींवर अन्याय करणारे आहे.

२०१० मध्ये खुद्द कंपनीनेच ही अदलाबदल पुन्हा एकदा केली. नाशिकमध्ये बनणाऱ्या पहिल्या ‘थार’मध्ये जुन्या घाटाच्या देहाखाली अडीच लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे ‘सीआरडीई’ इंजिन होते. इंजेक्शन डिझेलला नवे नव्हते. नवे होते ते कॉमन रेल, म्हणजे अतिदाबाखालची सामाईक इंधननळी, आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारा संगणक. सोबत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व स्वतंत्र सस्पेन्शनही मिळाले. हौशी मंडळी जुन्या जीपमध्ये असे इंजिन बसवतात, तेव्हा त्यांचे लक्ष बहुधा शक्तीकडे असते. साठ अश्वशक्तीसाठी घडलेल्या ड्रम ब्रेककडे ते नंतर जाते, आणि कधीकधी उतारावर जाते.

कायद्याचे काय? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावले. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला कायद्यात वाट आहे. मनाजोगते इंजिन बसवायला ती नाही.

म्हणून ‘एकदम ओरिजिनल’ अशी जाहिरात वाचून एखादी जुनी जीप पाहायला गेलात, तर रंग आणि टायर नंतर पाहा. आधी बॉनेट उघडून ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आरसी बुकातील क्रमांकाशी ताडून घ्या.